सैनिक नायक, प्रार्थना आणि लग्न: अमेरिकेतल्या ख्रिस्ती थरारक प्रेमकथा युद्धाबद्दल खरं बोलतात का?

रेवा
अमेरिकेत ख्रिस्ती वाचकांसाठी निघणाऱ्या कादंबऱ्यांत एक प्रकार चांगलाच रुजलाय. नायक नेव्ही सील (अमेरिकी नौदलाचा कमांडो) किंवा तसाच कोणी, नायिकेच्या जिवावर कोणीतरी उठलेलं, आणि दोघांपैकी एकाची देवावरची श्रद्धा डळमळलेली. शेवटी गुन्हेगार सापडतो, श्रद्धा परत येते, लग्न ठरतं. हार्लेक्विन या प्रकाशनाची 'लव्ह इन्स्पायर्ड सस्पेन्स' ही मालिका २००५ पासून चालू आहे. शिवीगाळ नाही, लग्नाआधी शरीरसंबंध नाहीत.

माझा आक्षेप श्रद्धेवर नाही. ही पुस्तकं युद्ध आणि श्रद्धा यांना एकमेकांसमोर उभंच करत नाहीत, यावर आहे. डी हेंडरसन यांची २००० सालची 'ट्रू डिव्होशन' घ्या. केली ही एका सीलची विधवा. जो बेकर हाही सील. त्याचं तिच्यावर प्रेम आहे, पण तेच दुःख तिच्या वाट्याला पुन्हा यावं हे त्याला नकोय. एवढ्यावर अख्खी कादंबरी उभी राहिली असती. पण मग तिच्या नवऱ्याच्या मृत्यूला जबाबदार असलेला माणूसच परत येतो. "माझाच नवरा का नेलास?" या प्रश्नाला आता एक चेहरा मिळाला. तो माणूस हाती लागला की प्रश्नही सुटल्यासारखा वाटतो. बायबलमध्ये विनाकारण दुःख भोगणाऱ्या ईयोबाचं पुस्तक आहे. त्यात देव वावटळीतून बोलतो, पण दुःखाचं कारण शेवटपर्यंत सांगत नाही. ते सांगत नाही म्हणूनच ते पुस्तक अजून टिकून आहे.

दुसरं, या नायकांनी माणसं मारलेली असतात. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे जोनाथन शे यांनी 'मॉरल इंज्युरी'बद्दल, म्हणजे नैतिक जखमेबद्दल लिहिलं. ही जखम भीतीची नसते, सदसद्विवेकाची असते. मी वाचलेल्या कादंबऱ्यांत नायकाच्या स्वप्नात येतो तो वाचवता न आलेला मित्र. त्याने मारलेला माणूस येत नाही.

मनवा
असहमत, आणि जरा चिडूनच लिहितेय. माझे मिस्टर फौजेत आहेत. त्यांचं फील्ड पोस्टिंग असलं की मी मुलांना घेऊन फॅमिली क्वार्टरमध्ये एकटी राहते. मी ख्रिस्ती नाही, तरी ही पुस्तकं आवडीने वाचते. ज्या रात्री फोन लागत नाही त्या रात्री मला अशी गोष्ट हवी असते ज्यात माणूस घरी येतो. ही गरज खोटी नाही.

आणि सगळी पुस्तकं एवढी सोपी नसतात. रॉनी केंडिग यांची 'नाइटशेड' (२०१०) बघा. मॅक्स हा माजी सील, युद्धाने आतून मोडलेला. बायको सिडनी त्याच्याविरुद्ध कोर्टातून मनाई हुकूम आणते, घटस्फोटाचा अर्ज करते. लग्न मोडायला आलंय तिथे ही प्रेमकथा सुरू होते. ज्याची वाट पाहिली, तो घरी आल्यावर त्याचीच भीती वाटू शकते, हे आमच्याकडे चारचौघींत कोणी बोलत नाही. त्या पुस्तकाने ते उघड मांडलं. मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

अनिकेत_द
'नाइटशेड'चं उदाहरण उलट रेवाच्या बाजूने जातं. मॅक्सला पुढे भेटतो कोण? त्याच्यासारख्या टाकून दिलेल्या सैनिकांची गुप्त तुकडी उभारणारा माणूस. म्हणजे युद्धाने जे केलं त्यावर उतारा म्हणून आणखी मोहिमा! अमेरिकेत दर वर्षी सहा हजारांहून अधिक माजी सैनिक आत्महत्या करतात. परतलेल्यांतला जो सावरतो तो उपचार, साधी नोकरी, धीर धरणारं घर यांच्या आधाराने, कित्येक वर्षं घेऊन. ते कंटाळवाणं आहे, म्हणून थरारकथेत त्याला जागा नाही.

मला तर हा अख्खा प्रकार प्रचारकी वाटतो. श्रद्धेचा प्रवास कथेत असलाच पाहिजे, अशी 'लव्ह इन्स्पायर्ड'ची लेखकांना अट असते. शेवट आधीच ठरलेला असेल तर पात्राला मोकळीक कुठे उरते?

डॉमनिक, वसई
अनिकेत, 'प्रचारकी' म्हणून निकाल लावू नका. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ची, मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. ख्रिस्ती झालेल्या माणसाने हेतू धरून लिहिलेली. तरी हिंदू विधवांचे हाल त्या काळी तिने जसे मांडले तसे किती जणांनी मांडले? मनात हेतू असला म्हणून लेखक आंधळा होत नाही.

रेवा, श्रद्धा आणि युद्ध समोरासमोर यावीत हे बरोबर. पण बायबलमध्ये ती येतात तेव्हा काय होतं, तेही पाहा. लूकच्या तिसऱ्या अध्यायात शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो नोकरी सोडा म्हणत नाही. कोणाला लुबाडू नका, पगारात समाधान माना, एवढंच सांगतो. कफर्णहूमच्या शताधिपतीचा, म्हणजे शंभर शिपायांवरच्या अधिकाऱ्याचा विश्वास पाहून येशू आश्चर्य करतो. सैनिकाला देवाच्या घरात जागा आहे, ही परंपरा या लेखिकांनी शोधून काढलेली नाही.

शिवाय नायक नेहमी मारणाराच असतो असंही नाही. हेंडरसन यांच्याच 'ट्रू व्हॅलर'चा (२००२) नायक हवाई दलाचा पॅरारेस्क्यू जवान आहे. शत्रूच्या हद्दीत उतरून अडकलेल्या वैमानिकांना, जखमींना बाहेर काढणं हे त्याचं काम. मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही, असं योहानाच्या शुभवर्तमानात वाचत वाढलेल्या वाचकाला तो नायक भिडणारच.

रेवा
डॉमनिक, तो पॅरारेस्क्यूवाला नायक मलाही भावतो, कारण त्याच्या कामातच त्याचा धर्म दिसतो. पण तुम्ही शताधिपतीपाशी थांबलात. 'आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा, जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा' हेही त्याच येशूचं सांगणं. मेनोनाइट आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथांच्या मंडळींनी या वाक्यापायी शस्त्र धरायला नकार दिला, तुरुंग पत्करला. दुसऱ्या महायुद्धात डेस्मंड डॉस हा श्रद्धाळू ख्रिस्ती वैद्यकीय सेवक म्हणून अमेरिकी सैन्यात गेला, पण बंदूक हाती घेतली नाही. १९४५ मध्ये ओकिनावाच्या कड्यावरून त्याने सुमारे ७५ जखमींना दोरीने खाली उतरवलं आणि अमेरिकेने त्याला मेडल ऑफ ऑनर हा सर्वोच्च लष्करी सन्मान दिला.

प्रत्येक नायक डॉस असावा असं माझं म्हणणं नाही. या कादंबऱ्यांत पानोपानी प्रार्थना असते. नायिकेसाठी, तुकडीतल्या सोबत्यांसाठी. ज्याच्यावर नेम धरलाय त्याच्यासाठी केलेली एकही प्रार्थना मला भेटली नाही. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या युद्धकथेत ती नसेल, तर दुसऱ्या कुठल्या कथेत शोधायची?

अनिकेत_द
+१. आणि २००१च्या दहशतवादी हल्ल्यांनंतरच्या अमेरिकेत तर ही प्रार्थना सर्वांत गरजेची होती.

डॉमनिक, वसई
हा मुद्दा मला लागला, रेवा. आमच्या चर्चमध्ये सीमेवरच्या जवानांसाठी प्रार्थना होते. पलीकडच्यांसाठी क्वचित. कादंबरीकारांना एकट्यांना का दोष द्यायचा?

मनवा
तुम्ही तिघं मारलेल्या माणसाबद्दल बोलताय. माझे मिस्टर त्याबद्दल घरी बोलत नाहीत आणि मी विचारत नाही. आमचा संसार त्या न विचारण्यावरही उभा आहे. डॉसबद्दल मला आदर आहे. पण ज्याची उद्या पहाटे पेट्रोलिंगची ड्युटी आहे आणि जो रायफल घेऊनच निघणार आहे, त्याच्या बायकोने आज रात्री काय वाचावं, ते सांगा.