किट कार्सन: डोंगरातला मोकळा माणूस?

डोंगरवेडा: १८२६ साली अमेरिकेत मिसुरीतल्या एका खोगीरवाल्याकडून काम शिकणारा सोळा वर्षांचा उमेदवार पळाला. शोधून देणाऱ्याला मालकाने पेपरात बक्षीस लावलं, एक सेंट! तोच किट कार्सन. निरक्षर, पण स्पॅनिशसह अनेक आदिवासी भाषा बोलायचा. आधी रॉकी पर्वतात फरसाठी बीव्हर (ओढ्यात राहणारा मोठ्या घुशीसारखा प्राणी) पकडायचा, १८४२ पासून फ्रेमाँट या लष्करी संशोधकाच्या मोहिमांचा वाटाड्या. ना साहेब, ना हजेरी. माझ्या मते यापेक्षा मोकळं जगणं नाही.

तिरकस: मोकळं कसलं डोंबलाचं? फर दाट होते थंडीत, म्हणजे गोठायला आलेल्या ओढ्यात उतरून सापळा पाण्याखाली लावायचा, साखळी खोलात खुंटीला. वर काडीला बीव्हरच्याच ग्रंथीचा वास. जनावर अडकून बुडतं. हे सगळं कशासाठी, तर शहरी साहेबांच्या हॅटसाठी. सापळेवाले आणि व्यापाऱ्यांच्या उन्हाळी मेळाव्यात कातडी द्यायची आणि कॉफी, साखर, दारू अव्वाच्या सव्वा भावात घ्यायची. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या उचलीसारखंच, हिशोब कधी फिटतच नाही.

डोंगरवेडा: सगळेच फर कंपनीचे बांधील नव्हते. 'फ्री ट्रॅपर', म्हणजे स्वतंत्र सापळेवाले, हवं त्याला माल विकायचे.

तिरकस: हवं त्याला म्हणजे कोणाला? त्या खोऱ्यात गिऱ्हाईक होतेच किती? रेशमी हॅटची फॅशन आली, बीव्हरही संपत आले, १८४० ला शेवटचा मेळावा झाला.

वाचनमात्र: तुम्ही दोघं हॅटवरच अडलात. १८६३-६४ मध्ये कार्सनच्या फौजेने नवाहो आदिवासींची मक्याची शेतं जाळली, मेंढ्या मारल्या, पुढे त्यांच्या कॅन्यन द शे या दरीतली पीचची झाडंही तोडली. उपासमारीने शरण आलेल्या आठ हजारांहून जास्त लोकांना पायी न्यू मेक्सिकोतल्या बोस्के रेडोंडोच्या छावणीत नेलं. १८६८ च्या तहापर्यंत परत जाता आलं नाही.

डोंगरवेडा: हुकूम तिथल्या लष्करप्रमुख जनरल कार्लटनचा होता. कार्सनने राजीनामा दिला होता, तो स्वीकारलाच नाही. त्याची पहिली बायको अरापाहो या आदिवासी जमातीची होती, हेही बघा.

वाचनमात्र: बायकोचा इथे काय संबंध? राजीनामा फेटाळल्यावर मोहीम अर्धवट मनाने केली असती तर तुमचं ऐकलं असतं. यूट जमातीचे वाटाडे सोबत घेऊन, नवाहो कुठे लपतात, कुठे पेरतात, हे हुडकून काढलं ते त्यानेच. ज्या कसबाचं तुम्ही कौतुक करताय, तेच ना हे?