पुरुषांची हाडं ठिसूळ होण्यामागे टेस्टोस्टेरॉनच असतं का?

वडील ७२ वर्षांचे, नुसते घसरून पडले तर मनगट मोडलं. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) केली, टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा) -२.७ आला म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. आता कोणी म्हणतंय टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं घ्या, हाडं भरतील. खरंय का हे?

रातकिडा: गंमत म्हणजे पुरुषांतही हाडांची झीज रोखण्यात मोठा वाटा इस्ट्रोजेनचा, म्हणजे बायकांचं म्हणतात त्या हार्मोनचा असतो! अरोमाटेज नावाचं एन्झाइम टेस्टोस्टेरॉनमधूनच ते बनवतं. १९९४ साली एका २८ वर्षांच्या माणसाची केस छापून आली होती, टेस्टोस्टेरॉन नॉर्मल पण इस्ट्रोजेनचा रिसेप्टरच (पेशीत हार्मोनचा संदेश पकडणारा भाग) बिघडलेला, तर हाडं ठिसूळ आणि उंची वाढतच चाललेली. शिवाय वयानुसार रक्तातलं एसएचबीजी नावाचं प्रोटीन वाढतं, ते हार्मोन बांधून ठेवतं, मग मोकळं उरतं कमी.

जुनाखोड: इंजेक्शनची घाई नको हां. हाडांची घनता वाढते हे खरं, पण २०२४ मध्ये ट्रॅव्हर्स नावाच्या टेस्टोस्टेरॉनच्या मोठ्या चाचणीचे आकडे आले त्यात टेस्टोस्टेरॉनवाल्यांत फ्रॅक्चर उलट जास्तच निघाली. आधी व्हिटॅमिन डी, थायरॉइड बघा, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का तेही, आणि टेस्टोस्टेरॉन तपासायचंच तर सकाळी.

प्रश्नकर्ता: अरे बापरे, दम्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइडच घेतात ते अधूनमधून!

जुनाखोड: मग डॉक्टरांना पहिलं हेच सांगा, पण गोळी स्वतःहून बंद करू नका.