'स्फोटक अस्थिर आहे' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न (परभणी): लष्करी स्फोटकांच्या चाचण्यांवर अकरावी-बारावीच्या मुलांसाठी एक लेख मराठीत करायला घेतलाय. 'स्टॅबिलिटी' आणि 'सेन्सिटिव्हिटी' या दोन शब्दांपाशी गाडी अडली. कोशात स्थिरता आणि संवेदनशीलता सापडतं, पण बोलताना लिहिताना दोन्हीला सरसकट 'अस्थिर' म्हणून मोकळे होतात. काय वापरावं?

छत्रपती संभाजीनगर: सर, ते 'अस्थिर' आधी बाजूला ठेवा. इथं दोन वेगळे प्रश्न आहेत. माल पडला, घासला गेला, ठिणगी लागली तर उडेल का, हा एक. आणि कुणी हातही न लावता कोठारात वर्षानुवर्षं पडून राहिला तर आतल्या आत नासेल का, हा दुसरा. एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर कळत नाही. बंदुकीची दारू घ्या. कोरडी ठेवली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते, पण एका ठिणगीनं भडकते. लेड अझाइडचं तसंच: ठेवणीत चांगलं टिकतं, पण जरासा धक्का वा घासणी सोसत नाही. म्हणून तर ते डिटोनेटरमध्ये, म्हणजे मुख्य स्फोटक उडवणाऱ्या छोट्या नळीत, घालतात.

उलट उदाहरण नायट्रोसेल्युलोजचं, म्हणजे धूररहित दारूतल्या मुख्य घटकाचं. मुलांना सांगा, हे आपल्या शेतातल्या कापसाच्या सेल्युलोजपासूनच होतं. ते कालांतरानं हळूहळू विघटित होतं आणि त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात. हेच वायू पुढच्या विघटनाला आणखी जोर देतात. त्यात कोठार तापलं, की आतली उष्णता बाहेर जायला जागा राहत नाही आणि माल आपोआप पेट घेतो. फ्रान्सच्या तुलाँ बंदरात 1907 साली 'इएना' आणि 1911 साली 'लिबर्ते' या युद्धनौका उडाल्या, तेव्हा संशय अशाच नासलेल्या दारूवर गेला. म्हणून त्यात टक्काभर डायफिनाइलअमाईन घालतात. ते सुटलेले वायू धरून ठेवतं. जुन्या साठ्यात ते किती उरलंय हे अधूनमधून मोजणं, ही या कामातली सगळ्यात कंटाळवाणी आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची चाचणी.

माझं मत: स्टॅबिलिटीला टिकाव, सेन्सिटिव्हिटीला हळवेपणा. दुखरी जागा हळवी झाली म्हणतो ना, नुसता हात लागला तरी कळ येते. अगदी तोच अर्थ.

वाशी (जि. धाराशिव): आमच्या तेरखेड्याला फटाक्यांचे कारखाने आहेत. तिकडं दारू 'सादळली' म्हणतेत, ते यात बसंल का?

छत्रपती संभाजीनगर: नाही दादा. सादळणं म्हणजे ओल धरणं. सादळलेला फटाका फुसका निघतो, फार तर मुलं हिरमुसतात. नासलेली धूररहित दारू फुसकी होत नाही, जास्त धोक्याची होते. हा फरक मात्र लेखात जरूर घ्या, मुलांना तो पटकन कळेल.

नांदेड: टिकाव मान्य. हळवेपणा नको. वर्गात लगेच कुणीतरी रडका आरडीएक्स म्हणेल. संवेदनशीलताच ठेवा, पण मोकळी सोडू नका. आघात-संवेदनशीलता, घर्षण-संवेदनशीलता असं जोडून लिहा, कारण चाचण्याही वेगवेगळ्या आहेत. आघाताच्या चाचणीत चिमूटभर नमुन्यावर ठरलेलं वजन पाडतात आणि निम्म्या वेळा स्फोट होतो ती उंची काढतात. ब्रिटिश पद्धतीत पिक्रिक आम्लाला, म्हणजे तोफगोळ्यात भरायच्या एका जुन्या स्फोटकाला, 100 धरून इतरांचे आकडे काढत. आरडीएक्स 80 वर येतं. आकडा जितका कमी, तितकं स्फोटक नाजूक. मुलं इथं हमखास उलटं वाचतात.

आणि 'सुरक्षा चाचणी' लिहू नका. सुरक्षा म्हटलं की दारावरचा पहारेकरी डोळ्यासमोर येतो. इथं सुरक्षितता हवं.

लातूर: पुण्याच्या सुतारवाडीत डीआरडीओची एचईएमआरएल ही स्फोटकांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे, तिथलं काम हेच. माझ्या ओळखीतले तिथले लोक मात्र ना टिकाव म्हणतेत ना स्थैर्य. 'हीट टेस्ट', 'व्हॅक्यूम स्टॅबिलिटी', एवढंच चालतं. व्हॅक्यूमवाल्यात नमुना निर्वात नळीत साधारण 100 अंश सेल्सिअसवर 40 तास ठेवायचा आणि वायू किती सुटला ते मोजायचं. चाचणीचं नाव तसंच ठेवा, समजावताना टिकाव म्हणा. उगा नवा संस्कृत शब्द घडवू नका.

परभणी: पटलं. मग 'कम्पॅटिबिलिटी'ला काय म्हणू? तीच निर्वात नळी, पण नमुन्यासोबत डिंक, रंग किंवा धातू ठेवून दोघांचं मिळून जास्त वायू सुटतो का ते बघायचं.

छत्रपती संभाजीनगर: 'सुसंगतता' आहेच. पण पहिल्यांदा येईल तिथं सरळ लिहा, 'या दोघांचं पटतं का?' पिक्रिक आम्लाचं धातूंशी पटत नाही, त्यांचे क्षार तयार होतात आणि ते मूळ आम्लापेक्षा कितीतरी नाजूक असतात. म्हणून पूर्वी तोफगोळ्याच्या आतल्या बाजूला आधी लाखेचा थर द्यायचे.

वाशी: लाखेचं बरं सांगितलं. त्याला आमच्याकडं 'अस्तर दिलं' म्हणतेत, तेच लिहा.