पी४ वर टीडीसीएस: इम्पिडन्स एकदा १८, एकदा २

खानापूरकर: नमस्कार मंडळी. टीडीसीएसनं, म्हणजे डोक्यावरून सौम्य करंट देऊन, अवधान डावी-उजवीकडे सरकतं का ते बघायचंय. एनोड (धन टोक) पी४ वर, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागात उजवीकडे, कॅथोड (ऋण टोक) सीझेडवर, म्हणजे टाळूच्या मधोमध, ५ बाय ७ सेंमीचे स्पंज, २ मिलिअँपिअर, २० मिनिटं. सोबत पोस्नरचं संकेत-लक्ष्य काम (आधी बाजूचा संकेत, मग लक्ष्य दिसलं की बटण). काहींचं इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा) ७ वरून दहा मिनिटांत १८ किलोओहमवर जातं नि मशीन बंद पडतं. काहींचं २ वरच बसतं, पण परिणाम काहीच नाही. शिवाय २० पैकी १० जणांनी खरं सत्र की शॅम (नुसता भास देणारं खोटं सत्र) ते बरोबर ओळखलं. काय चुकतंय?

निपाणी_वायर: १८ चं कारण बहुधा खोबरेल तेल. आपल्याकडं डोकं कोरडं ठेवून कोण येतंय ओ! आदल्या संध्याकाळी शाम्पूनं धुवून, तेल न लावता यायला सांगा. कंगव्याच्या दांडीनं भांग पाडून टाळू उघडी करा, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, वाळू द्या. खरवडू नका, ओरखड्यावर करंट एकवटतो नि भाजतं. स्पंजला मेडिकलमधलं ०.९ टक्के सलाईन, साधारण १० मिली. बोअरचं पाणी नको, त्यातल्या क्षारांचा नेम नाही. एप्रिलात पंख्याखाली स्पंज सुकतात, म्हणून आकडा चढायला लागला की सिरिंजनं १-२ मिली घाला. १० किलोओहमला २ मिलिअँपिअर म्हणजे २० व्होल्ट. १८ ला ३६. मशीन थांबतं ते बरंच.

खरी भीती २ ची. पी४ आणि सीझेड जवळजवळ, त्यात स्पंज निथळतोय. ओल्या केसांतून दोन्ही जोडले गेले की करंट टाळूवरूनच पळतो, मेंदूपर्यंत कमीच पोचतो, आणि मशीन तक्रार करत नाही. स्पंज दाबून थेंब पडेनासा करा, मधे कोरडी पट्टी दिसली पाहिजे. नाहीतर कॅथोड डाव्या भुवईच्या वर न्या; मग त्याखालच्या फ्रंटल (मेंदूच्या पुढच्या) भागाचाही विचार करावा लागेल.

चिक्कोडी_अवधान: पी४ अंदाजानं लावताय काय? नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत ३६ सेंमी असेल तर उंचवट्यापासून वर १०.८ ला पीझेड, ३.६ ला ओझेड (मोजणीच्या खुणा). डोक्याचा घेर ५६ असेल तर ओझेडपासून घेरावर उजवीकडे ८.४ ला पी८. पीझेड आणि पी८ च्या मधोमध पी४.

डोळ्यांचा कॅमेरा नसेल तर संकेत दाखवल्यापासून १०० मिलिसेकंदात लक्ष्य दाखवा, ६० हर्ट्झवर बरोबर ६ फ्रेम. तेवढ्यात नजर हलत नाही. पडदा ५७ सेंमीवर, म्हणजे १ सेंमी हा १ अंश. हनुवटी टेकवायला स्टँड लागेलच.

एक गोष्ट आपल्या भागात विसरू नका. मराठी-कन्नड डावीकडून वाचतात, उर्दू उजवीकडून, आणि रेषेचा मध्य दाखवण्याच्या कामात वाचनाची दिशा फरक पाडते. कोण कुठल्या लिपीत शिकलं ते आधीच विचारा. संमतीपत्र ज्याला जी भाषा वाचता येते त्या भाषेत हवंच, एथिक्स कमिटी मागतेच.

आणि २० पैकी १०? दोनच पर्याय असतील तर ती नाणेफेक झाली की! शॅम फुटलेला नाही. फक्त उत्तरासोबत खात्री किती तेही विचारा. स्पंज काढल्यावरची लाली मात्र फितूर होते, ती काम घेणाऱ्यानं बघू नये.

खानापूरकर: नाणेफेकीचं लक्षातच आलं नाही! शॅममध्ये करंटचा ३० सेकंद चढ, ३० चालू, ३० उतार एवढं पुरे ना? आणि एक विद्यार्थी ९ व्होल्टच्या बॅटरीवर स्वतःच सर्किट करतो म्हणतोय.

निपाणी_वायर: शॅमला पुरे. बॅटरीला थेट वायर अजिबात नको. इम्पिडन्स घसरलं की करंट वाढतो, थांबवायला कोण नाही. आणि अपस्मार, डोक्यात धातू किंवा टाळूला जखम असेल त्याला यादीतच घेऊ नका.