दांडपट्टा शूट केला की निर्जीव दिसतो. हाँगकाँगवाले काय वेगळं करत होते?

पेठेतला_कॅमेरा
नमस्कार मंडळी. कॉलेजच्या शॉर्टफिल्मसाठी शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीत वस्तादांचा दांडपट्टा शूट केलाय. समोर उभं राहून बघताना अंगावर काटा येतो. घरी एडिटला बसलो तर सगळा जीव गेलेला. क्लोजअप घेतले, फटाफट कट मारले, वरनं म्युझिक टाकलं, तरी जमंना. ब्रूस ली, जॅकी चॅनचे सत्तरच्या दशकातले सीन आजही बघत राहावेसे वाटतात. फरक कॅमेऱ्यात आहे का माणसात? आणि कोल्हापुरात एवढा सिनेमा झाला, मग आपला खेळ पडद्यावर आलाच नाही का?

फरी_गदगा
भावा, दोन्हीत फरक आहे. मी तालमीत पोरांना मर्दानी खेळ शिकवतो आणि हे सिनेमे पुन्हा पुन्हा बघतो, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

आधी माणसं. जॅकी चॅन, सॅमो हंग आणि युएन बियाओ लहानपणी पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे चिनी संगीत नाटकाच्या, एकाच शाळेत वाढले. कोलांट्या, शस्त्रं, गाणं, अभिनय, सगळं एकाच गुरूच्या छडीखाली. दिग्दर्शक लाऊ कार-लिउंगची परंपरा तर आपल्या तालमीसारखीच सरळ वस्तादाकडून चेल्याकडं आलेली: वाँग फेई-हुंगचा शिष्य लाम साई-विंग, त्याचा शिष्य लाऊ चाम आणि लाऊ चामचा मुलगा हा. त्यानं १९७८ साली ‘थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ केला. सूडाची गोष्ट आहे, पण सिनेमाचा मोठा भाग नुसता सराव. हात आडवे ताठ धरून पाण्याच्या बादल्या वाहायच्या, दंडाला सुऱ्या बांधलेल्या, हात खाली आला की टोक बरगडीत. ते बघितल्यावर शेवटच्या मारामारीतला प्रत्येक हात कुठनं आला ते आपल्याला कळतं. तुझ्या फिल्ममध्ये वस्ताद थेट पट्टा घेऊनच येतात का? पोरं पवित्रा घोटतायत, घाम गाळतायत, तेही दाखव.

आता कॅमेरा. १९७२ च्या ‘वे ऑफ द ड्रॅगन’मध्ये ब्रूस ली आणि चक नॉरिस यांची रोमच्या कोलोसियममधली लढत बघ. दिग्दर्शन लीचंच. दोघं आधी अंग मोकळं करतात, बोटं मोडतात, सांधे वाजवतात. घाई नाही. मग लढत सुरू झाली की डोक्यापासून पायापर्यंत दोघंही फ्रेममध्ये. सुरुवातीला ली मार खातो, मग पायांची चाल बदलतो, नाचल्यासारखा हलायला लागतो आणि तिथं पारडं फिरतं. पाय दिसले नसते तर हे कुणाला कळलं असतं? शेवटी मेलेल्या नॉरिसच्या अंगावर तो त्याचाच अंगरखा आणि काळा पट्टा ठेवतो. लढणाऱ्याला लढणाऱ्यानं दिलेला असा मान मला इतर कुठल्या मारधाडीत दिसलेला नाही.

दांडपट्ट्याला तर हे दुप्पट लागू. हात कोपरापर्यंत खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या लोखंडी आवरणात, असतो, मनगट वळत नाही. म्हणजे फिरत खांद्यातनं, कमरेतनं आणि पायातनं येते. तू क्लोजअप घेतलास पात्याचा आणि चेहऱ्याचा. खेळ होता पायात, तोच बाहेर राहिला. लिंबू कापतानाही तसंच: जमिनीवरचं लिंबू, वस्तादांची उडी आणि पात्याचा फेरा एकाच शॉटमध्ये पाहिजे. मध्ये कट मारलास की बघणारा म्हणणार, लिंबू आधीच कापलं होतं.

सायबर_चौक
एक तांत्रिक मुद्दा. दुपारच्या उन्हात मोबाईल शटर फार वेगवान ठेवतो, त्यामुळं पातं अडखळत फिरल्यासारखं दिसतं. २५ फ्रेमला शटर १/५० वर आण आणि उजेड कमी करायला एनडी फिल्टर लाव. पात्यामागं हवी तशी पुसट रेघ उमटेल. हाँगकाँगवाले कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी २२ फ्रेमवर चालवून हालचाल किंचित जलद करायचे. पट्ट्याला ते करू नकोस, तो मुळातच वेगवान आहे.

तारा बांधून हवेत उडणाऱ्या मारामारीला मात्र सरसकट वाईट म्हणू नये. ‘मेट्रिक्स’ (१९९९) आणि ‘क्राउचिंग टायगर’ (२०००) दोन्हीची मारामारी युएन वू-पिंगनं बसवली. ‘मेट्रिक्स’च्या नटांना त्यानं आधी कित्येक महिने तालीम दिली, मग तारा बांधल्या.

खासबाग_गॅलरी
पोरा, आपला खेळ पडद्यावर आला नाही असं म्हणू नकोस. बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’ केला १९२३ साली, इथंच, महाराष्ट्र फिल्म कंपनीत. त्याच कंपनीतनं मास्टर विठ्ठल पुढं आले. मूकपटांत तलवारबाजी आणि उड्यांच्या जोरावर त्यांना भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणायचे, तो हॉलिवूडचा तलवारबाज नट. १९३१ च्या ‘आलम आरा’चे नायक तेच. बोलपट आला, गाणी आणि संवाद पुढं सरकले, अंगमेहनतीचा नट मागं पडला. माझ्या मते साखळी तिथं तुटली. भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओत शिवकाल उभा केला म्हणून थोडी तरी टिकली.

आणि फरी_गदगा, तुम्ही कोलोसियमचं काढलंत म्हणून सांगतो. शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात तेच बघितलं आणि १९१२ ला खासबागचं कुस्ती मैदान उभं राहिलं. उतरत्या बैठकीमुळं कुठंही बसा, हौदातले दोघे पैलवान अख्खे दिसतात. कॅमेरा त्याच उंचीवर ठेवून बघ.

पेठेतला_कॅमेरा
सगळ्यांचे मनापासून आभार. फूटेज परत बघितलं, पाय एकाही शॉटमध्ये नाहीत. रविवारी सकाळी पुन्हा शूट करतोय. तालमीशेजारच्या घराची गच्ची मिळतेय, एक कॅमेरा तिथं, एक खाली कमरेच्या उंचीवर. फरी_गदगा, पोरांचा सराव किती वाजल्यापासून घेऊ?

फरी_गदगा
जोर-बैठका सुरू व्हायच्या आधी ये. आणि वस्तादांना आदल्या दिवशी विचारून ठेव, न विचारता कॅमेरा लावू नकोस.