ऑफिसात टोपी: तुमच्याकडे चालते का?

माळ्यावरची
आज माळा आवरताना बाबांची काळी टोपी सापडली. आतली पट्टी घामाने कडक झालेली. बाबा कचेरीत दिवसभर घालून बसायचे; बोडक्या डोक्याने साहेबासमोर जाणं वाईट दिसायचं म्हणे. आणि परवा लेकाला मेल आलं, 'डेस्कवर कॅप नको'. तुमचे अनुभव लिहा.

कुडकुडे
माझ्या डोक्यावरच एसीचा झोत. माकडटोपी घालतो. मॅनेजर म्हणाला, क्लायंट येतोय, काढ. म्हटलं एसी 18 वरून 24 करा. केला नाही. टोपी आहे.

खारीबटर
आमच्याकडे उलटं. बिस्किटांचा कारखाना. जाळीची टोपी नसेल तर आत सोडत नाहीत, कानसुद्धा झाकलेले लागतात. दाढीवाल्यांना दाढीलाही जाळी. घरी येईपर्यंत कपाळावर रेघ असते. नवरा म्हणतो मुकुट काढलास वाटतं. कुकर लावलाय, नंतर येते.

अनु_ठाणे
केमोनंतर कामावर रुजू झाले तेव्हा सुती टोपी घालायचे. गेटवरचा पोरगा म्हणाला, फोटोशी चेहरा जुळत नाही, टोपी काढा. काढली. तोच रडवेला झाला बिचारा. मग साहेबांनी सगळ्यांना एका ओळीचं मेल टाकलं आणि नंतर कुणी काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तरी चाललं असतं.

माळ्यावरची
अनुताई 🙏 आता बऱ्या आहात ना?

अनु_ठाणे
ठणठणीत. केस कुरळे आलेत, आधी सरळ होते!

चर्चगेट_स्लो
डबेवाल्यांना विचारा. 1890 पासूनचा धंदा, पांढरी टोपी हेच ओळखपत्र. गर्दीत ती दिसली की मी आपणहून बाजूला होतो, नाहीतर डब्यांची पाटी खांद्याला लागते.

जुना_कारकून
असहकाराच्या काळात तर गांधीटोपी घातली म्हणून सरकारी नोकर अडचणीत यायचे. तेव्हा निदान साहेबाला टोपीची भीती वाटायची.

कुडकुडे
आम्हाला टोपी एचआरनेच घातली. इन्क्रिमेंट 'पुढच्या तिमाहीत'.

खारीबटर
😂😂 आले परत. ताई, ती काळी टोपी धुऊ नका हं, आतला पुठ्ठा भिजला की आकार जातो. ओलसर फडक्याने पुसा.

माळ्यावरची
पुसली. पट्टीच्या आत घडी घातलेलं लोकलचं तिकीट निघालं. तारीख पुसट झालीय.

चर्चगेट_स्लो
पुठ्ठ्याचं? फोटो टाका ना.