फुलांच्या नोंदी: शास्त्राचे शब्द हवेत की डोळ्याला दिसेल ते लिहावं?

मलप्रभाकाठ: बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबी भागात पावसाळी फुलांच्या वह्या मुलांकडून भरून घेतो. माझं मत ठाम आहे, ‘पान’, ‘पाकळी’ एवढ्यावर भागवू नये. भूतकेस घ्या. वहीत हमखास येतं, ‘पांढरं पान, पिवळं फूल’. ते पान नव्हेच, फुलाच्या निदलांपैकी, म्हणजे कळीला बाहेरून झाकणाऱ्या भागांपैकी, एक वाढून पांढरं झालेलं असतं. बोगनवेलीत रंगीत दिसतात ती छदं, म्हणजे फुलालगत येणारे पानासारखे भाग, फुलं आत बारीक नळीसारखी. सापकांद्याचा फणा म्हणजे महाछद, सगळ्या फुलोऱ्याला वेढणारं एकच मोठं छद, आणि फुलं आतल्या दांड्यावर. तीन वेगळ्या गोष्टी, आणि वहीत तिन्ही ‘पान’!

निपाणीवाला: सर, विरोध आहे. आमची पोरं कोण मराठी शाळेत, कोण कन्नड, कोण इंग्लिश मीडियमला. आणि मराठीत तरी एकमत कुठाय? फुलात परागकण जिथं चिकटतात त्या टोकाला महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकात ‘कुक्षी’, मराठी विश्वकोशात तोच भाग ‘किंजल्क’. पोरानं कुठलं लिहायचं? नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्येच हवं ही अट शास्त्रज्ञांनी २०१२ पासून काढली, इंग्रजी चालतं. मग आपणच का अडून बसायचं?

रानवाट_खानापूर: दादा, अट काढली ती भाषेची. नेमकेपणाची नव्हे. कवल्याच्या पिवळ्या फुलावर तांबडे डाग असतात. नुसतं ‘तांबडे डाग’ लिहून काय कळणार? ते ध्वजकावर, म्हणजे वरच्या मोठ्या पाकळीवर असतात. बाजूच्या दोन ते पंख, खालच्या दोन जुळून नौतल. पावटा, चवळी, वाटाणा सगळ्यांच्या शेतात आहे, एक फूल उकलून दाखवा, पोरं विसरत नाहीत. अशा डाग-रेषा किड्यांना मधाची वाट दाखवतात. काही तर फक्त अतिनील प्रकाशात उमटतात, मधमाशीला दिसतात, आपल्याला नाही. म्हणून डाग कुठल्या पाकळीवर, तळाशी की कडेला, एवढं तरी हवंच.

निपाणीवाला: जागा लिहायची, हे कबूल की हो ताई. पण वहीत पोरंच लिहितात असं नाही. म्हशी राखणारी आजी तेरड्याच्या फुलाला ‘शेपटी’ हाय म्हणते. मागं निघालेली मधाची नळी ती. तिनं नीट बघितलंय. ‘शुंडिका’ हा तिचा शास्त्राचा शब्द येत नाही म्हणून तिची नोंद बाद करायची? हेच तर मघापासून सांगूलाय.

मलप्रभाकाठ: बाद कोण करतंय? शेपटीच लिहा. पण ती निदलाची आहे आणि केवढी लांब, सरळ की वाकडी, हेही लिहा. तेरड्याच्या जाती ओळखताना तीच बघावी लागते. कळलावीचंही तसंच. ‘सहा लाल-पिवळ्या पाकळ्या’ ठीक, पण किंजल, म्हणजे किंजल्काखालची बारीक दांडी, बुडाशीच काटकोनात वळतो हे कुणीच लिहीत नाही. नाव माहीत नसलं की नजर तिथं जातच नाही, असा माझा अनुभव.

निपाणीवाला: नजर आधी जाते सर, नाव मागनं येतं. ‘केसर’ (पराग देणारा भाग) आणि ‘अंडाशय’ (ज्याचं फळ होतं तो) कन्नड पुस्तकातही तेच आहेत, ते दोन मी उद्यापासून लिहायला लावतो. कुक्षी-किंजल्काच्या जागी मात्र चित्र काढून बाणच मारायला सांगणार.